पाठवणाऱ्याचे नाव

छत्रपती संभाजीनगर
१५ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. मालनआक्का यांस,
सोमनाथचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पोळ्यानंतरचे तुझे पत्र मिळाले. कानाचे यंत्र शिट्टी मारते म्हणून तू ते पुन्हा डब्यात घालून ठेवलेस, हे वाचून तुझी भावजय दीपमाला हसली. मी हसलो नाही, कारण ते बसवून घेण्यासाठी तुला डॉक्टरांकडे दोनदा मीच नेले होते. असो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरे तुला चालत नाहीत; त्यामुळे आपण भाऊबहीण अजून कागदावर बोलतो, एवढे त्या बहिरेपणाचे उपकार मानू.

पत्रास कारण असे की, आप्पांना जाऊन सात महिने झाले. त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. यंदाच्या खंडेनवमीला ती तुझ्या देव्हाऱ्यासमोर पूजेला असावी, असे मी ठरवले आहे. लहानपणी रानडुकरे हाकायला आप्पांबरोबर मळ्यात तू जायचीस आणि परत आल्यावर नळी तेलाने पुसायचीस ती तूच. मी ओसरीवर बसून पाढे लिहायचो. तेव्हा मान तुझा आहे.

हे नियमात बसते का, असे तू विचारशील. मी पाहिले आहे. आप्पांच्या परवान्यावर क्षेत्राच्या रकान्यात ‘महाराष्ट्र राज्य’ असे स्वच्छ लिहिले आहे. फर्दापूर राज्यातच काय, आपल्याच जिल्ह्यात आहे. यात विक्री नाही, भाडे नाही. एका घरातून दुसऱ्या घरी वस्तू जाणार, एवढेच. कारखान्याच्या प्रेषण विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. राज्यातल्या राज्यात माल कसा पाठवावा, हे मला शिकावे लागणार नाही. वर्णन, क्रमांक, नग एक, असे रीतसर चलन तीन प्रतींत करून मूळ प्रत पार्सलात ठेवीन.

सहामाहीची अखेर असल्याने मला येता येणार नाही. मंगळवारी, २३ तारखेला, फुलंब्रीच्या मळ्यावरून आपला जुना गडी कडुबा भाजी घेऊन येणार आहे. त्याच्या हाताने ट्रॅव्हल्सच्या पार्सल ऑफिसात टाकतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात.

दाजींना सध्या काही सांगू नकोस. त्यांना एकदम दाखव. कृपादृष्टी आहेच, ती तशीच राहावी.

तुझा,
सोमनाथ


फर्दापूर
१९ सप्टेंबर

चि. सोमनाथ यास मालनआक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले बघ. आप्पा गेल्यावर घर, मळा, ताटंवाट्या सगळ्याचं बोलणं झालं, पण त्या बंदुकीचं नाव कुणी माझ्याजवळ काढलं नव्हतं. तुला आठवण ठेवावीशी वाटली, ह्यातच सगळं आलं. लहानपणी चिंचोके खेळायला बसलो की तू आधी मोजून पाटीवर आकडा लिहायचा आणि हरल्यावर पाटी दाखवून भांडायचा. आता बंदुकीचं बी चलन करतोस म्हणे, तीन प्रतींत! आप्पांनी ऐकलं असतं तर तुझ्या तीन प्रती मोडून त्यातल्या एकीत तंबाखू बांधली असती.

पण सोमनाथ, मला हे नीट वाटत नाय. तू शिकलेला, मी सातवीवाली, तरी सांगते. मी नळी पुसायचे ती बी त्यांच्या मांडीवर; आप्पांनी ती बंदूक कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाय. एकदा इथं यष्टीतून उतरताना तुझे दाजी धरायला पुढं झाले, तर आप्पा म्हणाले की जावईबापू, पिशवी घ्या, ही राहू द्या. कडुबाभाऊ इतकी वर्षं त्यांच्या मागं मळ्यात चालले, हातात बॅटरी अन् काडतुसाची पिशवी. बंदुकीला त्यांचं बोट लागलेलं मी पाहिलं नाय. आप्पांचं म्हणणं एकच, परवान्यावर ज्याचा फोटो, त्याचाच हात.

अन् मागच्या वर्षीचं इतक्यात विसरला का? निवडणुकीला ती ठाण्यात जमा केली होती. सोडवून आणायला आप्पांचे गुडघे धरले म्हणून तू पावती घेऊन गेलास, तर साहेबांनी तुला दिली नाय. म्हणाले, परवाना तुमचा नाय, ज्यांचा आहे त्यांना आणा. मग म्हातारा रिक्षात बसून गेला अन् मांडीवर घेऊन आला. तेव्हा आप्पा जिवंत होते तरी चाललं नाय, मग आता ते नसताना कसं चालंल?

म्हणून म्हणते, पाठवू नको. आधी ठाण्यात जाऊन विचार. त्यांनी नाय म्हटलं तर नाय. मी खंडेनवमीला नुसता विळा अन् खुरपं मांडीन. तू मोकळ्या हातानं आलास तरी मला बंदुकीपेक्षा जास्त आहे.

दीपमालाला सांग, लिंबाचं लोणचं मुरलं आहे. जीव आहे तोवर माया कमी व्हायची नाय.

तुझी,
आक्का


छत्रपती संभाजीनगर
२६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

तुझे १९ तारखेचे पत्र २४ ला हाती आले. पार्सल २३ लाच गेले होते.

त्यात थोडी अडचण उद्भवली आहे. तू फर्दापूरच्या पार्सल ऑफिसात चौकशीला जाऊ नकोस. दाजींनाही जाऊ देऊ नकोस. कोणी विचारायला आलेच, तर तू भावाकडून तुषार सिंचनाचे पाइप मागवले होते, एवढेच सांग. माझे १५ तारखेचे पत्र जपून ठेवण्यासारखे नाही. चुलीत घातलेस तरी चालेल.

पाऊस फार आहे. मळ्यातल्या मक्यात पाणी उभे आहे. प्रकृतीस जप.

तुझा,
सोमनाथ


फर्दापूर
२ ऑक्टोबर, दसरा

सोमनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र इथं ३० तारखेला आलं. पोलीस त्याच्या आधीच, रविवारी २८ ला, येऊन गेले होते.

दोघं होते. दाजींना विचारलं, तर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं अन् ते तसंच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. मला ऐकू येत नाय म्हटल्यावर एकानं वहीवर लिहून दाखवलं, कडुबा नावाचा माणूस ओळखता का. मी मान हलवली. मग लिहिलं, बंदूक कुणी पाठवली. मी म्हणाले, चष्मा घरात आहे, दिसत नाय. पहिली ओळ वाचली त्याच डोळ्यांनी दुसरी दिसत नाय म्हणाले. तो पोलीस माझ्या तोंडाकडं बघत राहिला अन् वही मिटून गेला.

काल खंडेनवमीला विळा मांडला. हळदकुंकू वाहायला बसले अन् उंबऱ्याशी आवडाबाई उभी. कडुबाभाऊंची बायको, पायात चिखल, फुलंब्रीहून दोन गाड्या बदलून आलेली. मी आत ये म्हणाले तर आली नाय, पायरीवरच बसली. मला ऐकू यावं म्हणून ती माझ्या कानाशी तोंड आणून बोलली. सिल्लोडला पार्सल गाडीतून उतरवताना ताडपत्री फाटली अन् दस्ता बाहेर आला. पावतीवर कडुबाभाऊंचं नाव, त्यांच्याच आधारकार्डाचा नंबर. गुरुवारी मळ्यातून उचललं. ते सांगतात, बंदूक मळ्यावरच्या खोलीत होती, मीच काढली, मीच टाकली. आता हर्सूलच्या जेलात आहेत.

मी वाट बघत होते की आता ती तुला शिव्या देईल. तिनं एक शिवी दिली नाय. नुसतं म्हणाली की बाई, तुमचे भाऊ शहरात असतात, जेल त्यांना जवळ आहे. आमच्या मालकांना साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ लागती, तेवढी पोहोचती करा म्हणावं. डॉक्टरची चिठ्ठी अन् गोळ्यांचं पाकीट तिनं पदराच्या गाठीतून काढून माझ्या हातात दिलं. पाकीट ह्या पत्रात घातलं आहे.

बंदूक तुझ्या कपाटात होती. तूच लिहिलं आहेस, अन् ते पत्र मी चुलीत घातलं नाय. मग ती मळ्यावरच्या खोलीत कशी गेली? तू पोलिसांना काय सांगितलंस, ते मला लिही. पाइपाचं लिहू नको.

आक्का


छत्रपती संभाजीनगर
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. आक्का यांस,

नमस्कार लिहिताना हात थांबला, तरी लिहितो. तो तुझा आहे, माझ्या वागण्यावर अवलंबून नाही.

पाकीट मिळाले त्याच दिवशी गोळ्या तुरुंगाच्या फाटकावर नेऊन दिल्या. आणणाऱ्याचे नाव विचारले, तेव्हा मी ‘नातेवाईक’ एवढेच म्हणालो. हे आधी लिहिले, कारण पुढे जे लिहायचे आहे त्याचाच हा लहान नमुना आहे.

तू विचारलेस त्याचे उत्तर क्रमाने देतो.

२३ तारखेस मी बंदुकीची नळी आणि दस्ता वेगळे करून प्लास्टिकच्या पाइपात भरले, वर ताडपत्री शिवली. चलनाची मूळ प्रत आत ठेवली होती. कडुबाला बसस्थानकावरून गाडीत घेतले. पार्सल ऑफिससमोर उतरण्यापूर्वी मी ताडपत्रीची कड उसवून चलन बाहेर काढले. ‘बारा बोअर दुनळी बंदूक, नग एक’ हे शब्द माझ्या अक्षरात वाचले आणि ते आत राहू नयेत असे वाटले. पाइपावर मी ‘तुषार सिंचनाचे साहित्य’ अशी चिठ्ठी चिकटवली. आक्का, राज्यातल्या राज्यात चालते अशी माझी खरोखर समजूत होती, असे मी पहिले आठ दिवस स्वतःला सांगत होतो. ती समजूत खरी असती तर चलन काढण्याचे कारण नव्हते. त्याच क्षणी मला सर्व माहीत होते.

कडुबा पार्सल खांद्यावर घेऊन उभा होता. फॉर्म मी भरला. पाठवणाऱ्याच्या रकान्यापाशी पेन थबकले. मी त्याला म्हणालो की माझे आधारकार्ड घरी राहिले, तुझे दे. माझे कार्ड शर्टाच्या खिशात होते. त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले कार्ड काढले, पाऊस म्हणून सदऱ्याला पुसले आणि दिले. आत काय आहे, असे त्याने विचारलेही नाही. मी बाप्पाच्या प्रसादासारखे ते कार्ड दोन्ही हातांनी घेतले आणि त्याचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले.

सहामाहीच्या अखेरीमुळे मला येता येणार नव्हते, असे मी तुला लिहिले होते. त्यात अर्धे सत्य आहे. रविवारी मी येऊ शकलो असतो. पण वाटेत तपासणी झाली तर ती माझ्या गाडीत सापडेल, ही भीती होती. जी वस्तू माझ्या गाडीत ठेवायला मी भ्यालो, ती कडुबाच्या नावावर ठेवायला मला काहीच वाटले नाही.

२५ तारखेस पोलिसांची जीप कारखान्याच्या फाटकावर आली. मागे कडुबा बसलेला. माझ्या हाताखालची सहा माणसे तिथे माल चढवत होती, व्यवस्थापक काचेतून पाहत होते. फौजदारांनी विचारले की हा तुमच्या मळ्यावरचा माणूस म्हणतो, पार्सल तुमचे आहे. मी म्हणालो की हा आमच्याकडे कामाला आहे, पण पार्सलात काय होते मला माहीत नाही. बंदूक मळ्यावरच्या खोलीत असे, वडिलांनंतर मी ती पाहिलेली नाही. एवढ्या नेटक्या शब्दांत आणि न अडखळता बोललो, की बोलतानाच मला त्याचे नवल वाटले.

कडुबाने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, बांधावर पाणी फुटले तर ते कुठून फुटले हे तो जसा शोधतो, तसे. मग फौजदारांकडे वळून म्हणाला की साहेब, दादांना काय ठाऊक, मीच टाकली. त्यानंतर मला ठाण्यात दोनदा बोलावले. दोन्ही वेळा मी तेच सांगितले.

कायदा मी आता वाचला. वाचायला वीस मिनिटे लागली. परवाना माणसाचा असतो. माल म्हणून बंदुकीचा नसतो. आप्पांबरोबर तो संपला. त्यानंतर ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा होता. क्षेत्राच्या रकान्यातले ‘महाराष्ट्र राज्य’ हे आप्पांनी स्वतः बाळगून कुठवर जावे, यासाठी होते. परवाना नसलेल्या एका माणसाने दुसऱ्याला ती पार्सलाने पाठवायची म्हटली, तर राज्याबाहेर आणि शेजारच्या गल्लीत यांत काही फरक नाही. शिक्षा दोन वर्षांहून कमी नाही. ती सध्या कडुबाच्या वाट्याला जाते आहे.

दीपमालाला काल सांगितले. ती उठून आत गेली आणि तिने माझे ताट वाढले. ते माझ्यासमोर ठेवले नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावरच ठेवले.

चलनाच्या तिन्ही प्रती माझ्या फायलीत आहेत. फाडून टाकाव्या असे अनेकदा मनात आले. फाडता आल्या नाहीत. दाखवताही येत नाहीत. नोकरीला साडेतीन वर्षे राहिली आहेत. मी काय करावे ते लिही.

तुझा,
सोमनाथ


फर्दापूर
११ ऑक्टोबर

सोमनाथ,

आशीर्वाद देणार होते, पण आधी काम.

काय करावं हे तू मला विचारतोस? चोपन्न वर्षांचा झालास. काय करावं हे तुला पेन थांबलं तेव्हाच कळलं होतं.

मी तुला शहाणपण शिकवत नाय, कारण मी बी तसलीच निघाले. ऐकू येत नाय ह्याची मला आजवर लाज वाटायची. त्या दिवशी मी त्याचा आडोसा केला. पोलिसानं कडुबाभाऊंचं नाव तोंडानं घेतलं, तेव्हा मी त्याच्या ओठांवरून ओळखलं होतं. मग वहीवर वाचलं. तरी चष्मा नाय म्हणाले. तू सहा माणसांपुढं बोललास, मी एकापुढं गप्प बसले. दोघं आप्पांचीच लेकरं, दुसरं काय.

एक सांगते, ते ठाण्यात जाईपर्यंत डोक्यात ठेव. मी बारा वर्षांची होते. दिवेलागणीला मळ्यात डुकरं शिरली. आप्पा चिखलात घसरले अन् बंदूक हातातून सुटून पाटात पडायला लागली. कडुबाभाऊ हाताच्या अंतरावर होते. त्यांनी धरली नाय. आप्पांनाच दोन्ही काखेत हात घालून उचललं, बंदूक पडू दिली. मी विचारलं, का नाय धरली? म्हणाले की ताई, माझ्या हातात कुणी बघितली तर आप्पांना सोडतील, मला नाय सोडायचे. इतक्या वर्षांत त्या माणसानं जी चूक होऊ दिली नाय, ती तू त्याच्याच आधारकार्डावर करून ठेवलीस.

तर मंगळवारी, १४ तारखेला, मी अन् दाजी सकाळच्या गाडीनं येतो. दाजींना सगळं सांगितलं आहे. ते तुझ्यावर ओरडणार होते, पण ओरडून मला ऐकू जात नाय म्हणून एकटेच अंगणात जाऊन आले. बसस्थानकावरून सरळ ठाण्यात जाणार. तू आधी तिथं असलास तर बरं. नसलास तर तुझं १५ तारखेचं पत्र माझ्या पिशवीत आहे, चष्मा बी आहे, मी वाचून दाखवीन.

चलनाच्या तिन्ही प्रती घेऊन ये.

टपालानं हे वेळेत पोचायचं नाय, म्हणून उद्या शहराला येणाऱ्या माणसाच्या हाती देते. ह्याचं उत्तर लिहू नको.

आक्का


छत्रपती संभाजीनगर
२६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. आक्का व दाजी यांस,
सोमनाथचा साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही, वृत्त मात्र आहे.

१४ तारखेस ठाण्यात तू शेजारी बसली होतीस, तेव्हा तिथले पुन्हा लिहीत नाही. तुझा जबाब झाल्यावर तू बाहेर बाकावर गेलीस, त्यानंतरचे एक राहिले. मी चलन टेबलावर ठेवले. फौजदारांनी ते वाचले, कपाटातून बंदुकीचा पंचनामा काढला, क्रमांक ताडून पाहिला आणि म्हणाले की तुम्हाला एकोणीस दिवस लागले. मी विचारले की आपल्याला ठाऊक होते का? ते म्हणाले की पहिल्याच दिवशी कडुबाला बंदूक उघडून दाखव म्हटले होते. ज्याने नळी आणि दस्ता वेगळे करून भरले, त्याला ते यायला हवे. तर तो हात मागे बांधून उभा राहिला, आणि काही केल्या तिला हात लावेना. पण तो स्वतःच मी केले म्हणत होता आणि तुम्ही माहीत नाही म्हणत होतात. कागदावर जे असेल त्यावरच आम्हाला चालावे लागते. हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. मला अटक झाली तेव्हाही त्यांचा आवाज तसाच होता.

१६ तारखेस कडुबाभाऊंना जामीन मिळाला. त्यांचे नाव गुन्ह्यातून वगळावे, असा अहवाल पोलीस न्यायालयात देणार आहेत. मला १८ ला जामीन झाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी आहे. कारखान्याने निलंबित केले आहे. पुढे खटला चालेल. वकिलांनी मला ‘गैरसमजातून घडले’ असे म्हणायला सुचवले. मी तसे म्हणणार नाही, असे त्यांना सांगितले आहे.

भाऊबीजेला तू बोलावले नाहीस, आणि मी वाटही पाहिली नाही. दीपमाला मात्र आता ताट समोर ठेवते.

काल, शनिवारी, आम्ही दोघे कडुबाभाऊंकडे गेलो. ते दारात बाजेवर बसले होते. तीन आठवड्यांत खांदे उतरले आहेत. मी पायांवर हात ठेवायला वाकलो, तर त्यांनी पाय बाजेवर ओढून घेतले आणि म्हणाले की दादा, ते राहू द्या, त्यानं मला काय व्हतंय? मी म्हणालो की तुम्ही माझ्यासाठी खोटे का बोललात. ते म्हणाले की तुमच्यासाठी नाय. जीपमध्ये मी दोनदा खरं सांगितलं व्हतं, कुणी लिहून घेतलं नाय. फाटकापाशी तुम्ही नाय म्हणालात, तवा कळलं की आता खरं बोलून बी मीच जाणार. मग म्हटलं, आप्पांचं घर तरी राहू द्या.

आक्का, मी त्यांच्या बाजेजवळ खाली जमिनीवर बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सांगितले की तुम्ही ठाण्यात लिहून दिलं, ते ठाण्यात राहिलं. गावात मी बंदूकवाला झालो. नातवाला पोरं तेच म्हणतात. किराणावाला बी मला बघितलं की गल्ल्यावर हात ठेवतो. तुमचं अक्षर चांगलं आहे, मला एक कागद लिहून द्या अन् समाजमंदिरापुढं उभं राहून वाचा.

मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहिला. सवयीने तीन प्रती केल्या. सुरुवात कशी करावी हे सुचेना, म्हणून त्या पावतीच्या क्रमानेच लिहिला: पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता, वस्तू, नग, पाठवण्याचे कारण; आणि शेवटी, मी पोलिसांपुढे काय म्हणालो आणि ते खोटे कसे होते.

दुपारी समाजमंदिरापुढे चाळीस-पन्नास माणसे जमली. कडुबाभाऊ पांढरा सदरा घालून पायरीवर बसले. दीपमाला बायकांमध्ये उभी राहिली. मी वाचला. कारखान्यात शंभर माणसांपुढे मी सूचना वाचतो, पण तिथे आवाज असा कधी फुटला नव्हता. वाचून संपले. एका म्हाताऱ्याने, कानामागे हात धरून, विचारले की हे समदं खरं का? मी हो म्हणालो. त्याने पुन्हा विचारले. मी मोठ्याने हो म्हणालो.

मला वाटले, झाले. कागदाची घडी घालू लागलो. कडुबाभाऊंनी मागे वळून पाहिले. माझ्याच घशाला कोरड पडलेली पाहून आवडाबाई मधेच पाणी आणायला घरी गेल्या होत्या, आणि आता तांब्या घेऊन गर्दीच्या कडेला येऊन उभ्या होत्या. कडुबाभाऊ म्हणाले की हिनं ऐकलं नाय. पयल्यापासून वाचा.

मी घडी उलगडली आणि पाठवणाऱ्याच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश.

एक प्रत त्यांच्याजवळ आहे, दुसरी किराणा दुकानाच्या दारावर त्यांनी स्वतः लावली. तुला ऐकू गेले नसते, म्हणून तिसरी सोबत पाठवत आहे.

लोभ राहिला असेल तर राहू दे. मागण्याइतका मी अजून झालेलो नाही.

तुझा,
सोमनाथ